बोगद्यात

तळघरातून फळी वर आणली,
दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद,
एकोणचाळीस पायऱ्या, दोन वळणं
आणि एकसष्ट वर्षांची माझी कंबर.
खुर्चीतून बाबा म्हणाले, कोपरा सांभाळ.
भिंतीचा की फळीचा, ते सांगितलं नाही.

डिसेंबरात त्सिटाऊमध्ये चारलाच अंधारतं.
दिवा ओढून घेतला, आधी रूळ.
दोन रुळांत अंतर बारा मिलिमीटर,
वर पन्नास वर्षांचं काळं.
स्पिरिट, जुन्या बनियनचा तुकडा,
आणि बोट सरकवत राहायचं.
फडका काळा झाला की घडी बदलायची,
तीही काळी होते.
चर्चचा कळस मोडलाय.
स्टेशनमास्तरला डोकं नाही,
तरी हात वर करून उभा आहे.

इंजिन उघडलं, तर आत तेलाचा गूळ.
टाचणीनं खरवडून काढला.
कार्बनचे दोन ब्रश झिजून तांदळाएवढे झालेले,
नवे येईपर्यंत
पेन्सिलीचं शिसं तासून बसवलं.

ट्रान्सफॉर्मर गुणगुणला.
आणि तो वास आला,
तापलेल्या धुळीचा, ठिणगीचा,
ताट पुसून खाल्ल्यावरच मिळणाऱ्या
रविवारच्या परवानगीचा.

इंजिन वीतभर गेलं, थांबलं.
बोटानं ढकललं. दोन वीत.
शिव्या देऊ नकोस, बाबा म्हणाले, त्याला कळतं.
मग एकाएकी निघालंच,
पूल ओलांडला, बोगद्यात शिरलं
आणि बाहेर आलं नाही.

आतून नुसती घरघर,
जागच्या जागी.

बोगदा बाबांनीच केलेला, खळीचा आणि वर्तमानपत्रांचा.
रंग उडालाय तिथे
एकाहत्तर सालचं बीटाचं पीक वाचता येतं,
ठरल्यापेक्षा जास्त.
माझा हात मनगटाशीच अडतो.
एके काळी कोपरापर्यंत जायचा.
शेजारची यागोदा बोलावली,
सात वर्षांची, नदीपलीकडून राहायला आलेली.
तिनं बाही वर केली, जीभ दातांत धरली,
इंजिन काढून दिलं.
मग म्हणाली, थांबा, अजून काहीतरी आहे.

दुधाचा पांढरा डबा.

तो मी डेटलेफला विकला,
चाकूच्या बदल्यात, असं घरात ठरलेलं.
चाकू माझ्या खिशात सापडला, हे खरं.
नदीकाठच्या चिखलात मिळाला होता, हेही खरं,
पण चिखल साक्षीला येत नाही.
मी आठ वर्षांचा,
बाबांचा हात सूतगिरणीतला.
एकच. डाव्या कानाखाली.
नाताळभर गाडी कपाटावर.
डेटलेफच्या बापाशी बाबा पुढे कधी बोलले नाहीत,
का, ते त्या बिचाऱ्याला मरेपर्यंत कळलं नाही.

यागोदानं डबा बाबांच्या तळहातावर ठेवला,
कारण तेच जवळ होते.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
डबा उलटा केला.
नखानं चाकं फिरवून पाहिली,
एक फिरलं, एक नाही.
मी स्पिरिटच्या बाटलीचं झाकण लावलं,
काढलं, परत लावलं.

तेल लागेल, बाबा म्हणाले.

मी टाचणीच्या टोकावर थेंब घेतला.
त्यांनी डबा धरला. हात थरथरत होता,
म्हणून दुसऱ्या हातानं
मी त्यांचं मनगट धरलं,
थेंब नेमका आसावर पडावा म्हणून.
तेवढ्यासाठीच.

आता मी चालवणार, यागोदा म्हणाली
आणि तिनं बटण एकदम टोकापर्यंत फिरवलं.
गाडी वळणावर तिरकी झाली, सावरली,
मागे दुधाचा डबा लंगडत,
बिनडोक्याच्या स्टेशनमास्तरला न जुमानता
पुलावरून थेट
बोगद्यात.

आम्ही दोघं
दुसऱ्या तोंडाकडे बघत राहिलो.