धाकटा एम

अजमानची खाडी. दोराचा वास, डिझेलचा वास,
मागे आमच्या गोदामाचं ऑफिस.
ऑगस्ट. दार उघडलं की चष्म्यावर धुकं,
लावलं की एसीचं पाणी बादलीत टप टप.
पडद्यावर काळ्यावर हिरवी अक्षरं,
ऐंशी रकाने, चोवीस ओळी,
वीस वर्षं चालत आलेला माल-नोंदीचा प्रोग्राम.
लिहिणारा कधीच कोचीला परतला,
मागे ठेवून एक वही,
अर्धी मल्याळममध्ये.

हुसेनमियाँ सारंग, हर्णैचे.
डाव्या हाताची दोन बोटं लाँचच्या विंचात गेली,
कुठल्या साली, ते सांगत नाहीत.
म्हणाले, बाय, तुझा कंट्रोल, तुझा आल्ट, वर एफ आठ,
तिघांना एकदम धरायचं म्हणजे
मला शेजाऱ्याचा हात उसना घ्यावा लागतो.
हा उंदीर टेबलावर बसून नुसता खातोय.
त्याला कायतरी काम लाव.

लावलं.
टर्मिनलला आधी विनवावं लागतं,
एक हजार चालू कर, एक हजार सहा चालू कर.
मग ते प्रत्येक टिचकीमागे चिठ्ठी धाडतं :
एस्केप, चौकोनी कंस, लहानाचं चिन्ह,
बटण शून्य, अर्धविराम, रकाना बावीस, अर्धविराम, ओळ नऊ,
आणि शेवटी थोरला एम. म्हणजे दाबलं.
धाकटा एम आला की समजायचं, सोडलं.

प्रोग्रामला बाण दिसत नाही, हात दिसत नाही.
कीबोर्डच्याच वाटेनं, अक्षरांच्या वेशात
येते टिचकी,
आणि मी उंबऱ्यात बसून
तांदळातले खडे निवडावेत तशी निवडते,
हे टाइप केलेलं, हे हाताचं.
एकटा एस्केप आला तर क्षणभर थांबते,
मागून आणखी कुणी येतंय का बघते.
जुन्या पद्धतीत तर सोडल्याची नुसती खबर यायची,
कुठलं बटण सोडलं, ते नाही.
दोनशे तेवीस रकान्यांपलीकडचं
उंदराला सांगताच यायचं नाही.

पहिल्या दिवशी टिचकी खजुरावर,
उघडल्या बासमतीच्या गोण्या, खालच्या ओळीतल्या.
टर्मिनल मोजतं एकपासून, मी शून्यापासून.
उंदराला मांजर साक्ष, म्हणाले सारंग,
आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

गुरुवारी रात्री प्रोग्राम पडला.
हौसेनं मी एक हजार तीनही चालू केला होता,
बंद करायची ओळ लिहायची राहिलेली.
मेलेल्याच्या पत्त्यावर उंदीर चिठ्ठ्या टाकत राहिला,
हात जरा हलला की
आकडे, अर्धविराम, आकडे, पडदा भरून,
वाचणारं कुणी नाही.
सारंगांनी माऊसवर फडकं टाकलं
आणि मला फोन केला.

दुसऱ्या दिवशी लॉग चाळताना दिसलं,
थोरल्या एमपासून धाकट्या एमपर्यंत
इतरांना लागतो सेकंदाचा दहावा हिस्सा.
सारंगांना दीड सेकंद.
पावतीवर अंगठा उठवावा तसे दाबतात,
शाई नीट लागेपर्यंत उचलत नाहीत.
मी दोन टिचक्यांमधली मुदत वाढवून ठेवली,
कुणाला बोलले नाही.

मग तक्रार आली नवीच.
पूर्वी बिलाचा नंबर माऊसनं ओढून उचलता यायचा,
आता उचलला जात नाही.
खरं होतं. टिचक्या सगळ्या प्रोग्राम गिळतो.
मी मान खाली घालून सांगितलं, उचलताना
डाव्या हातानं शिफ्ट दाबून धरा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे.
अंगठा हाय की, म्हणाले.
शिफ्टवर ठेवला,
उजव्या हातानं सावकाश ओढत गेले नंबरावरून,
सात आकडे, एकेक करून उजळले.
तेवढ्या वेळात माझ्या लॉगमध्ये
एकही ओळ आली नाही.
बादली भरली होती. मी उठले.