मधल्या रेघेवरचं नाव

मी कुताइसीत पाण्याचे मीटर वाचते.
काटा दाखवेल तेवढंच खरं,
घरमालक कितीही शपथा घेवोत.
देवाशीही माझा हिशेब तोच होता:
आकडा दाखवा, लिहून घेते.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची.
थेस्सालोनिकीत कुणा आर्गिरिस म्हाताऱ्याला
ती भरवते, पुसते, कुशीवर वळवते.
तिच्याकडे कागद नाहीत.
बाहेर पडली तर आत येणं नाही.
म्हणून पंधरा वर्षं ती म्हणजे फोनमधला आवाज
आणि दर सहा महिन्यांनी एक खोकं:
साबण, चॉकलेट,
एका मापाने लहान बूट.

या मार्चमध्ये मीच बसमध्ये बसले.
पिशवीत आंबट आलुबुखारांची चटणी, अक्रोडाच्या माळा.
शेजारी पेलागिया, वय एकोणऐंशी,
स्वतःचा उपास, आणि मला मात्र
दर तासाला काहीतरी खायला घालणारी.
सारपीची हद्द ओलांडली, आणि मग दिवसभर
उजव्या खिडकीत काळा समुद्र, जो काळा नव्हताच.

तिच्या मांडीवर मेणबत्त्यांची जुडी.
गवताच्या काडीएवढ्या, मधाच्या वासाच्या.
सामसुनच्या पुढे बसच्या हीटरने त्या माना टाकल्या.
एकेक काढून, तळहातांत ऊब देत
ती सरळ करत बसली, रात्रभर.
मी म्हटलं, वाकड्या काय जळत नाहीत?
"जळतात की. पण हातांना काम नको का?"

इप्सालाला शिक्के मोजणाऱ्या पोरानं
तिचे दिवस मोजले. सहा जास्त भरले.
त्याची बेरीज बरोबर होती.
मी मनात ताळा करून पाहिला, आणि मलाच लाज वाटली.
तिला उतरवलं.
दारातून तिनं जुडी आणि एक घडी घातलेला कागद
माझ्या हातात कोंबला.
"काही मागू नकोस. नुसती नावं घे."

आई माझ्यापेक्षा बुटकी निघाली.
मिठी मारताना कुणाची हनुवटी कुठे, ते जमेना.
तिनं आधी माझे बूट पाहिले.

रविवारी देवळात कागद उघडला.
दोन रकाने: जिवंत. गेलेले.
मधे पट्टीनं मारलेली रेघ.
मी वाचत गेले, जिन्यातले मीटर वाचते तशी, न थांबता.
जिवंतांच्या मेणबत्त्या वर, मूर्तीच्या चित्रापाशी.
गेलेल्यांच्या खाली, वाळूत.
आणि अगदी शेवटी, बरोबर रेघेवर,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे:
मालखाज.

"सुखुमीचा असेल," आई म्हणाली. "त्र्याण्णवचा.
प्रेत आलं नाही, पत्रही नाही. अशी खूप घरं आहेत."

वर लावू? खाली?
आईकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती.
मी तिला पंधरा वर्षं
कुठल्या रकान्यात ठेवलं होतं,
हे तिनं विचारलं नाही.

मेणबत्ती मी हातातच धरली.
दहा मिनिटं जळते ती, फार तर.
मेण बोटांवर उतरलं, मी हलले नाही.
म्हाताऱ्याच्या गोळीची वेळ टळत होती,
तरी आईही हलली नाही.
नाव घेतलं. आधी वाचल्यासारखं.
मग पुन्हा, जेवायला हाक मारावी तसं.
कुणीच ओ दिली नाही.
पण हाक रिकामी परत आली नाही,
एवढं मला कळलं; कसं, ते विचारू नका.

संध्याकाळी पेलागियाचा फोन.
मेणबत्त्यांचं काही नाही, उपासाचं काही नाही.
एकच प्रश्न:
"ऐकलं असेल का गं त्यानं?"

हो, म्हटलं.

मीटर न बघता लिहिलेला
माझा पहिला आकडा.