शेऱ्याचा रकाना

शिवाजीनगर कोर्टात जिना उतरलं की
तिसऱ्या दाराच्या आत माझं टेबल.
वर वकील, टायपिंगवाले, नोटरीचे शिक्के.
इथे पंखा, आणि कसरीने खाल्लेल्या कागदाची
पिवळी भुकटी, जी घरी गेल्यावरही
पदराला सापडते.

निकाली एका भिंतीला, प्रलंबित दुसऱ्या.
मध्ये एक बुटकं रॅक, त्याला नाव नाही.
घोगरेमामा म्हणतात, 'लटकलेले.'
गुन्हा शाबीत, पण शिक्षा नाही.
साहेबांनी वय बघितलं, पहिलीच चूक म्हटलं,
आणि शिक्षेचं वाक्य अर्ध्यावर थांबवून
चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं.

मंगळवारी एक जण आला. भूषण रमाकांत कुदळे.
हातात चाकणच्या कंपनीचं पत्र
आणि चारित्र्य पडताळणीचा कागद,
त्यावर लिहिलेलं: एक खटला प्रलंबित.
"मॅडम, माझं केव्हाच संपलंय ना?"
मी म्हटलं, नंबर सांगा.
त्याला पाठ होता. आर.सी.सी., आकडा, सालासकट.
मला माझा गॅसचा ग्राहक क्रमांकही पाठ नाही.

फाईल सापडायला दीड तास लागला.
तपकीर गल्लीतल्या दुकानातून अर्ध्या एचपीचा पंप,
नग एक, वायरीसह, फिर्यादीस परत.
आरोपीचं वय एकोणीस.
जामीनदार मावशी; सही अशी,
जशी आदल्या रात्री शिकलेली.
आणि ती ओळ, जी मी
हजार वेळा तरी टाइप केली असेल:
'मुदतीत बोलावण्यात येईल तेव्हा
शिक्षा ऐकण्यास हजर राहीन.'

रोजनाम्याचं शेवटचं पान.
मुदत तीन वर्षं. पुढील तारीख,
आणि पुढे कोरं.
अक्षर कुणाचं ते विचारायला नको होतं.
माझ्या 'तारीख'मधला ख असाच फाटतो,
र वेगळा, व वेगळा.

काय असेल त्या दिवशी?
लोकअदालतीची धावपळ, मुलीला ताप,
की नुसती घरी जायची घाई.
तारीख नाही म्हणून बोर्डावर नाही,
बोर्डावर नाही म्हणून बंद नाही,
आणि संगणक आला तेव्हा कुणीतरी
रिकामी जागा बघून 'प्रलंबित' निवडलं.
तीन वर्षांची सात झाली.

मी त्याला सांगितलं. म्हणजे, सगळं नाही.
'कारकुनी चूक झाली' म्हटलं, कर्ता गाळून.
वाटलं होतं, चिडेल.
त्याने मोबाईल काढून टेबलावर ठेवला,
काच तडकलेली.
"नंबर तोच ठेवलाय मॅडम, सात वर्षं.
तुम्ही बोलावलं तर म्हणून."
मग जरा हसून, लग्नात वाजला होता एकदा,
अक्षता पडत असताना.
कर्ज देणारी बाई होती.

अर्ज साहेबांपुढे ठेवला.
त्यांनी दोन मिनिटांत सही केली.
मुदत पूर्ण, बाँडमधून मुक्त.
शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद.
त्यात न घडलेलं कसं लिहायचं?
पुन्हा पंप न उचलल्याचं,
चौकातल्या भांडणातून
हात खिशात घालून निघून गेल्याचं,
अनोळखी नंबर दिसला की
पहिल्याच रिंगला उचलल्याचं?
घडलं की त्याला कलम असतं.
मी लिहिलं, 'तक्रार नाही.'
त्यात ख नव्हता.

साडेपाचला घोगरेमामा कुलूप घेऊन आले.
म्हटलं, थांबा जरा.
बुटक्या रॅकवर अजून एकेचाळीस बस्ते.
पहिल्याची गाठ नखाने सुटेना,
मामांनी किल्लीच्या टोकाने सैल केली.
मी शेवटचं पान आधी उघडलं.
अक्षर माझं नव्हतं.
तारखेपुढे कोरंच होतं.