उघडलंच आहे तर

वाकॉच्या उत्तरेला, पत्र्याच्या शेडमध्ये,
इंजिन साखळीला टांगलंय तीन आठवडे.
सहा सिलिंडर एका रांगेत,
मास्तरांनी उभं केल्यासारखे.
खाली अंड्यांच्या ट्रेमध्ये व्हॉल्व्ह,
प्रत्येकावर व्हर्नाच्या अक्षरात नंबर.
ती म्हणते, तुझा एक कुठला आणि सात कुठला
हे चाळीस वर्षांत मला कळलेलं नाही.

चौथ्यात दम नव्हता.
बाकीच्यांत एकशेतीस, ह्यात ऐंशी.
चमचाभर तेल पाजलं, तर चढला एकशेवीसपर्यंत,
म्हणजे दुखणं रिंगांचं.
ठरलं होतं तेवढंच :
रिंगा घालायच्या, बंद करायचं,
बर्फ टिकायच्या आत तीन खेपा लाकूड आणायचं.

पण उघडलंच आहे तर.
हे तीन शब्द बापाचे.
तो गेला तेव्हा कोठारात सुटे निघाले
दोन ट्रॅक्टर, दूध घुसळायचं यंत्र,
आणि चर्चचं घड्याळ, जे कुणी परत मागितलं नव्हतं.

उघडलंच आहे तर बेअरिंग बघ.
बेअरिंग बघितलं तर क्रँक घासून घे.
क्रँक घासली तर बोअर का सोडायचा,
बोअर केला तर पिस्टन नवे,
पिस्टन नवे तर जुन्या कॅमची लाज वाटते,
आणि रंग कुठला द्यायचा ह्याचा विचार करत
माणूस फेब्रुवारीत पायी.

रविवारी क्लेम पॉइत्रा आला, लेथवाला,
मोजमापाची पेटी कोटाच्या आत, थंडी लागू नये म्हणून.
सिलिंडरच्या कडेवर नख फिरवलं. नख अडकलं.
बेअरिंगवर केसाएवढा हिरवा मेणधागा ठेवून टोपी आवळली,
पुन्हा सोडली,
चपटलेला धागा पट्टीला लावून बघत राहिला,
जणू पत्र आलंय आणि बातमी धड चांगलीही नाही, वाईटही नाही.
"धावेल," म्हणाला. "नवं होणार नाही."
मग म्हणाला, "माझ्या हातात दिलंस तर होईल."
आकडा सांगितला.
मी कॉफी ओतली.

शेजारची ब्रिएल टॉर्च धरायला येते, सोळाची आहे,
मी जिथे बघत नसतो नेमका तिथे उजेड पाडते.
तिसऱ्या पिस्टनच्या डोक्यावर पाडला.
काजळी मी लाकडाच्या काडीनं खरवडली,
आणि खालून वर आला एक आकडा : ३०.

म्हणजे हे आधी कुणीतरी केलंय.
हार्डरच्या लिलावात मी फक्त टायरना लाथा मारून बघितल्या होत्या.
आयझॅक हार्डर, ह्या सगळ्यातून तू गेलास तर,
ह्याच सहा भोकांवर वाकून, बहुतेक ह्याच महिन्यात,
आणि मी अकरा वर्षं समजत होतो
की हिला पहिल्यांदा मीच उघडतोय.

"अजून एकदा कातता येईल," क्लेम म्हणाला.
"त्यानंतर कातायला भिंत उरणार नाही."

रात्री व्हर्नानं विचारलं,
किती वर्षं हवीयत तुला हिच्याकडून?
मी आकडा सांगायला गेलो
आणि माझं स्वतःचं वय मध्ये आलं.
सहा, म्हणालो. सात.
"एक की सात?" म्हणाली ती, आणि दिवा मालवला.

तर असं केलं.
कडेची पायरी छाटली, आत नुसतं होन फिरवलं,
तिरप्या रेघांची जाळी उमटेपर्यंत.
रिंगा नव्या. बेअरिंग नवी. गॅस्केट सगळी.
क्रँक पुसून होती तशी.
कॅमला हात लावला नाही; हात दोनदा तिकडे गेला होता.
ही थोडं तेल खाणार. खाऊ दे.

भिंतीतलं ते उरलेलं लोखंड माझं नाही.
ब्रिएलचं असेल, किंवा जिला ब्रिएल विकेल त्या कुणाचं,
किंवा भंगारवाल्याचं, काय सांगावं.

झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला
खिळ्यानं कोरलं : तारीख, आणि
"बोअर ३० वरच. पुढचा कापलेला नाही."
व्हर्ना चष्मा लावून वाकली,
बराच वेळ बघत राहिली,
मग माझ्या हातातला खिळा घेऊन
खाली तेच पुन्हा लिहिलं,
वाचता येईल असं.