कवडी

मोमादे, तू गेलास त्या रात्री ओहोटी होती.
होडी चिखलातून ढकलत न्यावी लागली असणार.
सकाळी किनाऱ्यावर चौघांची पावलं.
तुझी ओळखली मी,
डाव्या पायाची करंगळी उमटत नाही त्यावरून.
आईला बोललो नाही.
भरती आली, तिनं सारवून टाकलं.

तो माणूस माझ्याकडेही आला होता.
इंजिन देतो म्हणाला, पंधरा घोड्यांचं, कोरं करकरीत,
हप्ता नाही, व्याज नाही,
बोलावलं की यायचं, बस.
त्याच्या बोलण्यात एकही प्रश्न नव्हता.
मला वाटलं, काय ठाम माणूस आहे!

मग उत्तरेकडून लोक आले पेंबात.
डोक्यावर गाद्या, काखेत कोंबड्या,
एकाच्या पाठीवर नुसतं दार,
कडीकोयंड्यासकट.
घर जळालं होतं त्याचं.
आपल्या वस्तीत नळ एकच, तुला ठाऊक आहे.
रांग लांबली, बादल्या आपटल्या,
बशिरूनं त्या दारवाल्या म्हाताऱ्याचा कान फाडला,
आणि तो इंजिनवाला गोरखचिंचेखाली बसून
शेंगदाणे सोलत होता, सावकाश.

अंशिया आठवते? बर्फवाल्या सुमायलाची थोरली,
तोंडभर पांढरा लेप लावून माशांचे भाव करणारी.
तिनं दोन मडकी आणली,
मध्ये आईच्या कापडाचा आडोसा केला.
नळाची किल्ली आपली एकट्याची, की आल्यागेल्यांचीही?
प्रत्येकाच्या हातात एक कवडी.
आलेल्यांच्याही.
"त्यांना कशाला?" मी ओरडलो.
"तहान लागते त्यांना," ती म्हणाली,
आणि पुढच्याच्या हातावर कवडी ठेवली.

एकशे बारा. एकशे नऊ.
मी म्हटलं, पुन्हा मोज.
तिनं मोजल्या. मिठानं फाटलेली बोटं,
एकेक कवडी वाळूवर, उताणी.
पुन्हा, म्हटलं.
पुन्हा मोजल्या.
तीन कवड्यांनी हरलो मी, मोमादे.
घरी येऊन मासे कापायच्या सुरीला रात्रभर धार लावत बसलो.
का, ते विचारू नकोस.
पहाटे तो दाराशी आला. "आता तरी?"
त्यानं विचारलेला पहिलाच प्रश्न,
आणि उत्तराला थांबलाही नाही,
होडीकडे चालूही लागला,
जणू मी मागून येणारच.

मी नळावर गेलो.
भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू.
कानाला चिंधी बांधलेला म्हातारा तिथं एकटा,
किल्लीशी झटापट करत.
"गंजलंय," म्हणाला, "माझ्यानं फिरत नाही."
माझ्या सुरीला तेल होतं, शार्कच्या यकृताचं.
दोन थेंब सोडले.
आधी हवा खोकली,
मग लाल पाणी,
मग पाणी.

हल्ली ओहोटीच्या रात्री आम्ही अकरा जण किनाऱ्यावर असतो.
कंदील एक, बंदूक नाही.
कुणी पोरगं होडीकडे निघालं
की विचारतो, जेवलास का?
बहुतेक जण उत्तर देत नाहीत.
गेल्या महिन्यात दोघं तसेच गेले,
त्यातला एक बशिरूचा भाऊ.
बशिरू आता आमच्यात असतो,
बोलत नाही, कंदिलाची काच तेवढी पुसत राहतो.

कवडीमोल म्हणतो ना आपण?
त्या दिवशी मी तुझ्या नावाची कवडी मागितली होती.
अंशिया नाही म्हणाली.
"जो इथं नाही, त्याचं मत त्यानंच येऊन द्यावं."
रागारागानं मी एक उचलली तरी.
खिशात असते, जाळं ओढताना टोचते.

परत आलास तर आधी शिव्या देईन,
आईसमोर देईन.
मग मडकं दाखवीन.
पुढच्या भरतीला शाळेच्या छपराबद्दल ठरवायचंय,
आणि मी पुन्हा हरेन असं दिसतंय.