आठपर्यंत काही नाही

वागातोरचा क्लब बंद पडला तेव्हा
कायतानने दोन मूव्हिंग हेड विकायला काढले.
जोडीचे बावीस हजार, वायरी फुकट.
लेबलं खाऱ्या वाऱ्याने सोललेली,
कंपनी कुठली ते त्यालाही ठाऊक नाही.
"म्युझिक लागलं की नाचतात," म्हणाला, "बाकी तू बघ."

आता सावईवेऱ्याला, देवळासमोरच्या मंडपात
ते दोघे उलटे टांगलेत वटवाघळांसारखे
आणि खाली मी, मांडीवर लॅपटॉप.
जत्रेला चार दिवस. नाटक तीन अंकी.
कन्सोल विचारतो, हा कोण?
सोयरीक घेऊन आलेल्याला विचारावं तसं :
कुठला, कुणाचा, काय काय येतं, मान किती वळते.
सगळं फाईलीत लिहून द्यायचं, ओळीखाली ओळ.

चॅनल एक : मान डावी-उजवी.
दोन : तीच मान, पण केसाएवढी.
तीन लावला तर दिव्याने वळून थेट गाभाऱ्यात पाहिलं
आणि भटांनी माझ्याकडे.
लिहिलं : उलटा टांगलाय, वरचं खाली समजावं.
पाच म्हणजे शटर. पन्नासच्या पुढे सरकलं
की फडफडतो;
अजून क्लबातच आहे बिचारा.

सातव्यात रंगांची चकती.
फाईल म्हणते, प्रत्येकाला नाव दे.
लिहिलं आबोली, कोकम, ओली पोफळ.
उमटल्या नुसत्या चौकटी. देवनागरी त्याला येत नाही.
मग रोमीत लिहिलं,
तियात्राच्या पोस्टरावर लिहितात तसं,
आणि आबोली त्याने मुकाट घेतली.
एक निळा उरला. नदीचा नव्हे, आभाळाचा नव्हे,
निव्वळ स्विमिंग पुलाचा.
त्याचं नाव ठेवलं कायतान.

अकरावा काहीच करत नाही.
शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत नेऊन पाहिला,
आतला पंखासुद्धा हलला नाही.
लिहिलं : माहीत नाही.
असं उत्तर चालतं इथे, बरं वाटलं.

राहिला सहा. उजेड.
तिन्हीसांजेला सोयरू फडते आला काठी टेकत.
गावात वीज नवी होती तेव्हा ह्याच जागी
मडक्यांत मिठाचं पाणी भरून,
त्यात लोखंडी पट्टी हळूहळू बुडवत
त्याने सूर्य उगवले होते.
डाव्या हाताच्या दोन बोटांना
तेव्हापासून गरम-थंड कळत नाही.

मी सहा नंबर खालून वर नेला.
एक, दोन, सातपर्यंत काळोख,
आठला दिवा दचकून पेटला.
"उडटा रे हो," सोयरू म्हणाला. "चडना. उडटा."
यंत्र आहे, म्हटलं, आठपर्यंत त्यात काही नाही.
"काही नाही कसं?
पट्टी दोन बोटं बुडेपर्यंत दिवा दिसायचाच नाही.
मडकं तेवढं गुणगुणायचं.
ते ऐकून नट विंगेत येऊन उभा राहायचा."

रात्री बसून उजेडाची वक्ररेषा लिहिली,
आकडा आकडा हाताने.
दहाच्या जागी आठ, चाळीसच्या जागी अकरा,
सोयरू खुर्चीतून "सावकाश" म्हणे, मी पुन्हा खोडे.
साठपाशी तो इतका वेळ गप्प
की मला वाटलं, डोळा लागला.
"इथे थांब जरा," म्हणाला, "इथे तिला खबर मिळते."
कुठल्या नाटकात, विचारलं. आठवेना.
साठावर थांबायचं, तेवढं आठवत होतं.

शेवटचे रकाने. निर्माता : अज्ञात. मॉडेल : अज्ञात.
लेखक.
विचारून त्याचं नाव घातलं.
"नीट लिही," म्हणाला, "फडते. रोमीत त आणि ट
एकच दिसतात, लोक काहीही वाचतील."

मग दोन वाजता, मंडपात कुत्रं आणि मी उरलो तेव्हा
आणखी एक ओळ घातली,
पुढे कुणी ही फाईल उघडेल त्याच्यासाठी :
एक ते सात, काही दिसत नाही.
काढू नये.