पॅनल चौदा

बांडुंगला सकाळी आठपर्यंत डोंगर दिसतो,
उपड्या होडीसारखा; त्याचं नावच ते.
मग ढग येतात, आणि काचेत उरते मी
आणि माझ्या मागे पडद्यावर
लालभडक पॅनल चौदा.

डाव्या पंखाची वरची कातडी,
तिसऱ्या आणि चौथ्या बरगडीच्या मधली.
दोनशे छत्तीस भारस्थिती आहेत आमच्याकडे:
खालून येणारा वाऱ्याचा झोत, वरून येणारा झोत,
एका चाकावर उतरणं, ब्रेक दाबून वळणं,
टाकी तुडुंब, टाकी रिकामी,
आणि क्रमांक एकशे नव्वद, जिच्यापुढे
कुणीतरी एवढंच लिहून ठेवलंय:
रुकांदांना विचारा.

सॉफ्टवेअर कुणाला विचारत नाही.
भित्र्या माणसासारखं ते
जिथून मिळेल तिथून वाईटातलं वाईट उचलतं,
दाब झोताकडून, कातर चाकाकडून,
एकत्र बांधतं आणि म्हणतं,
हे सगळं एकदम झालं तर?

दोन पूर्णांक दोन मिलिमीटर पुरत नाही, म्हणालं.
मी दोन पूर्णांक सहा केलं.
गणित पुन्हा सोडलं, चहा पिऊन आले.
लाल. आणि आता भारच वाढलेला.
तीन केलं.
भार आणखी वाढला.
शेजारी पॅनल तेरा
हिरवंगार, दुपारी जेवून आडवं झाल्यासारखं.

पाक रुकांदा निवृत्त आहेत, तरी गुरुवारी येतात.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"वेनिंग, जो ताठ उभा राहतो
त्याच्याकडे भार चालत येतो.
तू त्याला जाड करतेस,
तो शेजाऱ्याचंही उचलतो,
मग तूच म्हणतेस, याला पुरत नाही."

मला थोरली बहीण आठवली.
आम्ही पाच भावंडं, आई तिच्याकडे.
बोलले नाही. पेन्सिलीला टोक केलं.

दुपारी फाटकाशी मांग ओयोन आला.
खांद्यावर कावड: एका टोकाला शेगडी आणि उकळता रस्सा,
दुसऱ्या टोकाला वाट्या, गोळे, तिखटाची बाटली.
चुआंकी, म्हणजे पायी हिंडून पैसा शोधणं,
असं तो स्वतःच हसत सांगतो.
मी विचारलं, बांबूऐवजी लोखंडी नळी का नाही घेत?
"नळी चालू देणार नाही ताई.
बांबू वर येतो ना,
तेवढ्यात मी पाऊल टाकून घेतो."

परत येऊन मी गाठोडं सोडलं.
ज्या क्षणाचा दाब, त्याच क्षणाची कातर.
झोत एकीकडे, चाक दुसरीकडे.
भर वादळात एका चाकावर उतरवणारं
आकाश कुठे असतं, असं मोठ्याने म्हणाले.

"एकदा होतं," पाक रुकांदा म्हणाले.
"एकशे नव्वद. मी मागच्या सीटवर होतो,
मांडीवर आकडे नोंदायचं यंत्र.
उतरल्यावर वैमानिक बराच वेळ
बुटांची नाडी बांधत बसला.
नाडी सुटलेली नव्हती."

ते आकडे तिथेच होते, ओळीच्या शेवटी,
सॉफ्टवेअरच्या भीतीपेक्षा बरेच लहान,
पण माझ्या आकाशापेक्षा मोठे.
ते ठेवले. बाकीची जोडाजोड काढली.
चौदा पुन्हा बारीक केलं, दोन पूर्णांक चार.
तेरा पिवळं पडलं, कुरकुरलं,
आणि उचललं त्याने.

शिल्लक शून्य पूर्णांक शून्य दोन.
दीडपट भाराच्याही पलीकडची शिल्लक ही,
तरी बोटाच्या चिमटीत न मावण्याइतकी बारीक.
मी ती अहवालात लिहिली
आणि एकशे नव्वदपुढे, जुन्या अक्षराखाली,
"विचारलं" असं लिहून तारीख घातली.

बाहेर पाऊस लागला होता, स्कूटर चालू होईना.
छपराखाली उभं राहून तेतेहला फोन लावला.
आई कशी आहे?
"ठीक. तू जेवलीस का?"
आणि तुझ्यावर किती आहे?
"किती काय?"
रस्सा सांडत कुणीतरी पुढून धावत गेलं.
मी म्हणाले, आकडा सांग.
ती हसली, मग गप्प झाली,
आणि मी स्कूटरच्या सीटवर
ओल्या बोटाने
रकाने आखायला लागले.